हाताने जोडलेले जुने ॲम्प्लिफायर : ओळख, तपासणी आणि दुरुस्ती



स्मरणिकेत धम्म, शिक्षण, आरोग्य आणि समाजकार्य या विषयांवरील लेख दरवर्षी असतातच. या वेळी थोड्या वेगळ्या विषयावर लिहावे असे आम्हांस वाटले. त्याचे कारण घडले ते असे.

विहाराचा माळा साफ करताना सात-आठ किलो वजनाची एक लोखंडी पेटी हाती लागली. वर काचेचे पाच व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर, पुढे आवाजाची दोन बटणे. कोठेही कंपनीचे नाव नाही. काहींचे म्हणणे पडले की भंगारात द्यावी. एका खरेदीदाराने फक्त व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर मागितले, बाकीचे त्याला नको होते. निर्णय घेण्यापूर्वी आम्ही पेटी उलटी करून तळाचा पत्रा काढला. आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेले होते : "१४ एप्रिल १९६८. सर्वांच्या वर्गणीतून."

वडीलधाऱ्या मंडळींनी मग हकीकत सांगितली. त्या काळी जयंतीला लाउडस्पीकर भाड्याने आणावा लागे. भाडे परवडत नसे, आणि पैसे मोजूनही आपल्या वस्तीत माल पाठवण्यास टाळाटाळ होई. तेव्हा गिरणीत पाळी करून संध्याकाळी रेडिओ दुरुस्तीच्या वर्गाला जाणाऱ्या आपल्याच चाळीतील एका तरुणाने हे काम अंगावर घेतले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, महिन्याला जमेल तसा एकेक भाग आणून त्याने हा ॲम्प्लिफायर जोडला. बुद्धवंदना, भाषणे, भीमगीतांचे कार्यक्रम कित्येक वर्षे या पेटीतूनच वस्तीभर ऐकू गेले. तो तरुण आज हयात नाही.

एवढे ऐकल्यावर भंगाराचा विषय संपला. परंतु पुढे आमच्या हातून एक चूक झाली. उत्साहाच्या भरात आमच्यापैकी एकाने पेटी पुसून सरळ प्लग लावला. आधी मोठी घरघर झाली, मग जळका वास आला, आणि कोणीतरी कधीकाळी फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार घातलेली असल्यामुळे फ्यूज उडालाच नाही. मेन्स ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे जळाले. पंचावन्न वर्षे टिकलेली वस्तू एका मिनिटात आम्ही बिघडवली. तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेण्यात आणि बाकीचे काम शिकत शिकत पुरे करण्यात चार महिने गेले. इतर विहारांच्या, मंडळांच्या आणि घरांच्या माळ्यावरही अशा पेट्या असतील. त्यांच्या बाबतीत असे होऊ नये, यासाठी हा लेखप्रपंच.

किट म्हणजे काय?

किट म्हणजे सुटे भाग. चेसिस, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, रेझिस्टर, कंडेन्सर आणि जोडणीची पुस्तिका घ्यायची आणि घरी बसून सोल्डरिंग करायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत हा छंद फार वाढला. अमेरिकेत मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीने १९४७ साली युद्धातील शिल्लक मालातून ऑसिलोस्कोपचे किट काढले. 'हीथकिट' हे नाव त्यानंतर जगभर झाले. फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने १९५९ साली काढलेले 'स्टिरिओ ७०' हे किट तर इतके खपले की आजही ते दुरुस्त करणारे लोक देशोदेशी आहेत.

दुसरा प्रकार म्हणजे केवळ छापील आराखड्यावरून जोडलेले यंत्र. इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात १५ वॅटच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. शुद्ध आवाजाचे माप पुढे कित्येक वर्षे त्यावरून ठरे. मुलार्ड या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीने १९५४ साली '५-१०' हा आराखडा दिला. नावातच त्याचा अर्थ आहे : पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट. त्याचा मोठा भाऊ '५-२०', म्हणजे पाच व्हॉल्व्ह आणि वीस वॅट. असे आराखडे समोर ठेवून स्थानिक कारागिराकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यायचा आणि बाकी भाग बाजारातून जमवायचे, ही आपल्याकडची रीत. आमची पेटी याच जातीची, मुलार्ड ५-१० च्या घराण्यातली निघाली.

आपल्याकडे व्हॉल्व्हची अडचण पुढे कमी झाली ती बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समुळे. या सरकारी कारखान्यात १९६१ साली रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू झाले. 'बेल'चा शिक्का असलेला व्हॉल्व्ह आढळल्यास यंत्र, निदान तो व्हॉल्व्ह, १९६१ नंतरचा हे निश्चित समजावे.

ओळख कशी पटवावी?

पहिली गोष्ट, कारखान्यात बनलेला आणि हाताने जोडलेला यांतील फरक. कारखान्याच्या यंत्रावर नाव, अनुक्रमांक, तपासनिसाचा शिक्का असतो; आतील तारा एकसारख्या वळवलेल्या आणि दोऱ्याने बांधलेल्या असतात. हाताने जोडलेल्यात सोल्डरचे डाग लहानमोठे असतात, तारांचे रंग मिळेल तसे, चेसिसवर न वापरलेली किंवा कानशीने मोठी केलेली भोके. मात्र परदेशी किटचे चेसिस कारखान्यात ठोकलेले आणि नाव छापलेले असते, फक्त आतील सोल्डरिंग घरचे. म्हणून केवळ बाहेरचे नाव पाहून कारखान्याचा माल समजू नये. पेटीसोबत हीथकिटची जुनी पुस्तिका मिळाली तर ती जपावी. त्यातील प्रत्येक पायरीपुढे खूण करण्याची जागा असे, आणि जोडणाऱ्याने कोठे काय केले ते त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट, व्हॉल्व्हचे क्रमांक. युरोपीय क्रमांक ही एक भाषाच आहे. पहिले अक्षर आतल्या तापतारेविषयी सांगते : 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, 'जी' म्हणजे ५ व्होल्ट. पुढील अक्षरे व्हॉल्व्हची जात सांगतात : 'सी' म्हणजे ट्रायोड, 'एफ' म्हणजे पेंटोड, 'एल' म्हणजे आउटपुटचा पेंटोड, 'झेड' म्हणजे रेक्टिफायर. आकड्यातील पहिला अंक बुडाविषयी : ३ असल्यास आठ पिनांचे ऑक्टल बूड, ८ असल्यास नऊ पिनांचे लहान बूड. आता 'ईसीसी ८३' वाचून पाहा. ६.३ व्होल्ट, दोन ट्रायोड एकाच काचेत, नऊ पिना. 'ईएल ३४' म्हणजे ६.३ व्होल्ट, आउटपुट पेंटोड, ऑक्टल बूड. अमेरिकन नावे वेगळी असली तरी वस्तू बऱ्याचदा तीच असते : ईएल ८४ म्हणजे ६बीक्यू५, ईएल ३४ म्हणजे ६सीए७, ईसीसी ८३ म्हणजे १२एएक्स७, जीझेड ३४ म्हणजे ५एआर४.

व्हॉल्व्हची यादी एकदा कागदावर लिहिली की आराखडा बहुतेक सापडतोच. एक ईएफ ८६, एक ईसीसी ८३, दोन ईएल ८४ आणि एक ईझेड ८० असेल तर मुलार्ड ५-१०. आउटपुटला ईएल ३४ ची जोडी आणि जीझेड ३४ रेक्टिफायर असेल तर ५-२०. केटी ६६ ची जोडी आणि मागे चार लहान ट्रायोड असतील तर विल्यमसन. चार ईएल ३४, दोन ७१९९, एक जीझेड ३४ आणि पुढच्या अंगाला दोन रिकामी ऑक्टल सॉकेटे दिसली तर डायनाको स्टिरिओ ७०. एक सावधगिरी मात्र घ्यावी. सॉकेटमध्ये आज जो व्हॉल्व्ह आहे तोच मूळचा असेल असे नाही. सॉकेटच्या पिनांना जोडलेल्या तारा तपासून मगच खात्री करावी.

तिसरी गोष्ट, काळ. भागांवरील अंक काळ सांगतात. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, कंट्रोल आणि स्पीकर यांच्यावर बऱ्याचदा सहा-सात अंकी संख्या असते. पहिले तीन अंक बनवणाऱ्याचे, जसे २३५ म्हणजे मॅलरी, २७४ म्हणजे आरसीए, २२० म्हणजे जेन्सेन. त्यापुढील अंक वर्ष आणि आठवड्याचे. २३५६१३२ ही संख्या २३५-६१-३२ अशी फोडली की कळते : मॅलरी कंपनी, १९६१ साल, बत्तिसावा आठवडा. यंत्रातील सर्वांत नवा मूळ भाग ज्या सालचा, त्याच्या आधी ते यंत्र जोडलेले असू शकत नाही. आमच्या पेटीला ही उठाठेव करावी लागली नाही. जोडणाऱ्यानेच तारीख लिहून ठेवली होती.

प्लग लावण्यापूर्वी

येथे वाचकांना हात जोडून विनंती आहे की हा भाग दोनदा वाचावा. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ३०० ते ५०० व्होल्टचा एकदिश दाब असतो. तो माणसाचा जीव घेऊ शकतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो. ज्याला विजेच्या कामाचा अनुभव नाही त्याने पेटी उघडून पाहणे, टिपणे करणे, साफसफाई करणे एवढेच करावे. वीज जोडून करावयाचे काम जाणकाराच्या उपस्थितीतच करावे.

कंडेन्सर रिकामा करण्यासाठी पेचकसाने ठिणगी पाडू नये. २.२ किलो-ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर घ्यावा, त्याच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या चिमट्याच्या तारा जोडाव्यात, आणि तो कंडेन्सरचे धन टोक व चेसिस यांच्यामध्ये काही सेकंद धरावा. नंतर मल्टिमीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करावी. चालू यंत्राची मापे घेताना एक हात पाठीमागे ठेवावा, पायाखाली कोरडी लाकडी फळी असावी, आणि खोलीत दुसरा माणूस असावा; त्याला मेन स्विच कोठे आहे हे ठाऊक असावे.

जुन्या यंत्रांची वायर बहुधा दोन तारांची असते, अर्थिंग नसते. ती काढून तीन तारांची वायर घालावी आणि हिरवी तार चेसिसला बोल्टने घट्ट आवळावी. फ्यूज आणि स्विच दोन्ही फेजच्या तारेत असावेत, न्यूट्रलमध्ये नव्हे. आमच्या पेटीसारख्या लहान यंत्राला एक अँपिअरच्या आसपासचा सावकाश उडणारा फ्यूज पुरतो. फ्यूजच्या जागी तार कदापि घालू नये. काही यंत्रांत मेन्सच्या तारेपासून चेसिसपर्यंत एक लहान कंडेन्सर जोडलेला असतो. तो आतून शॉर्ट झाला तर सगळी पेटीच फेजवर जाते आणि पेटीला किंवा मायक्रोफोनला हात लावणाऱ्यास धक्का बसतो. असा जुना कंडेन्सर काढूनच टाकावा.

तपासणीचा क्रम

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि त्यासाठी मार्ग आहे, ही तथागतांची शिकवण आपण जाणतो. यंत्राच्या बाबतीतही आधी कारण शोधावे, मग हात घालावा. जळालेला भाग बदलणे ही अर्धीच दुरुस्ती. तो का जळाला हे सापडले नाही तर नवा भागही जळतो.

पहिली पायरी वीज न जोडता करावयाची. सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. धूळ मऊ ब्रशाने काढावी. व्हॉल्व्हवरील छापील अक्षरे पुसू नयेत, ती बोटानेही निघतात. प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजून त्याच्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहावा. जुने कार्बनचे रेझिस्टर वयाने आणि ओलाव्याने वाढत जातात. चंदेरी पट्टी म्हणजे दहा टक्के फरक चालतो. त्याहून अधिक वाढलेला बदलावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याच्या मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंचा रोध मोजावा. दोन्हींत थोडा फरक असतो, कारण बाहेरच्या थराची तार लांब असते. एका बाजूने मीटर काहीच दाखवत नसेल तर वेटोळे तुटलेले आहे.

दुसरी पायरी सिरीज बल्बची. आपल्या इलेक्ट्रिशियन मंडळींना सिरीज बोर्ड माहीत असतोच. फेजच्या तारेत ६० ते १०० वॅटचा तारेचा बल्ब जोडावा. एलईडी बल्ब येथे उपयोगाचा नाही. सर्व व्हॉल्व्ह काढून प्लग लावावा. बल्ब जवळजवळ विझलेला राहिला तर मेन्स ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. प्रकाशला तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्याला जोडलेली तार शॉर्ट आहे. ही एक साधी पायरी आम्ही आधी केली असती तर आमचा ट्रान्सफॉर्मर वाचला असता.

तिसऱ्या पायरीस, आउटपुटला स्पीकर किंवा ८ ओहमचा १० ते २० वॅटचा रेझिस्टर जोडून, व्हॉल्व्ह बसवून पुन्हा सिरीज बल्बवर चालवावे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आउटपुट मोकळे ठेवून कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून त्याचे इन्सुलेशन फुटते. प्लग लावताच बल्ब क्षणभर तेजाने पेटून मंदावला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर ताबडतोब बंद करावे.

काय बदलावे, काय ठेवावे?

इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर, म्हणजे गाळणीचे मोठे डबे, पन्नास वर्षांनंतर बदलणेच शहाणपणाचे. त्यांच्या आतील रसायन वाळते, ते गळू लागतात आणि शॉर्ट झाले की रेक्टिफायर व ट्रान्सफॉर्मर घेऊन जातात. आमच्या पेटीत नेमके हेच झाले होते. नवे घेताना दाबाची क्षमता मूळच्याइतकी किंवा अधिक असावी. परंतु रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कंडेन्सरची किंमत मनाने वाढवू नये. ईझेड ८० ला जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅरड आणि जीझेड ३४ ला ६० मायक्रोफॅरड चालतात. जास्त मोठा कंडेन्सर बसवला तर सुरू करताना व्हॉल्व्हमध्ये ठिणगी उडते.

कागदाचे, मेण लावलेले कंडेन्सर सर्व बदलावेत. एका व्हॉल्व्हपासून दुसऱ्यापर्यंत आवाज नेणारा कंडेन्सर गळू लागला की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब येतो, त्यातून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो आणि आतील प्लेट लालभडक होते. यंत्र चालू असताना ग्रिडवर मोजावे. दाब शून्याच्या जवळ असावा. धन दाब दिसला तर तो व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजावे. दाब तरीही राहिला तर दोष कंडेन्सरचा, नाहीसा झाला तर व्हॉल्व्हचा.

सेलेनियमचे रेक्टिफायर, म्हणजे ओळीने लावलेल्या चौकोनी पत्र्यांसारखा भाग, बदलून सिलिकॉन डायोड घालावा. सेलेनियम जळाल्यास निघणारा दुर्गंधी धूर विषारी असतो. तेलाने भरलेले जुने बंद डबे फोडू नयेत. त्यांतील काहींत घातक रसायने असतात.

याउलट ट्रान्सफॉर्मर, चेसिस, चांगले व्हॉल्व्ह, बटणे आणि मूळची जोडणी जपावी. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा या यंत्राचा प्राण आहे. खरेदीदार तोच मागतात याचे कारण हेच. तो काढून विकला की बाकी राहते ते खरोखरच भंगार. काढलेले जुने भाग पाकिटात घालून, त्यावर जागा लिहून, पेटीसोबतच ठेवावेत. पुढे कोणाला मूळ काय होते हे पाहावयाचे असेल तर त्याला पुरावा मिळतो.

व्हॉल्व्हचा प्रवाह

शेवटची तपासणी आउटपुट व्हॉल्व्हच्या प्रवाहाची. हिशेब साधा आहे. कॅथोडच्या रेझिस्टरवरील दाबाला त्याच्या रोधाने भागावे. समजा २७० ओहमवर १० व्होल्ट मिळाले, तर प्रवाह सुमारे ३७ मिलिअँपिअर. व्हॉल्व्हवर २९० व्होल्ट असतील तर त्यात सुमारे १०.७ वॅट उष्णता होते. ईएल ८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॅट, म्हणजे हे मर्यादेच्या आत आहे. जोडीतील दोन व्हॉल्व्हचे आकडे शक्य तितके सारखे असावेत.

डायनाको स्टिरिओ ७० मध्ये हीच गोष्ट पुढच्या बाजूच्या स्क्रूने जुळवायची असते. दोन ईएल ३४ मिळून १५.६ ओहमचा एक रेझिस्टर आहे, त्यावर १.५६ व्होल्ट आले की दोघांचा मिळून १०० मिलिअँपिअर प्रवाह होतो. मीटर हातात असलेल्या कोणालाही जमावे म्हणून हे आकडे असे सोपे ठेवलेले आहेत.

नवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर यंत्र शीळ घालू लागले किंवा जोराने गर्जू लागले तर घाबरू नये. आउटपुटमधून मागे फिरणारी तार उलट्या टोकाला जोडली गेली असते. यंत्र बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, आउटपुट व्हॉल्व्हच्या दोन प्लेटांच्या तारांची अदलाबदल करावी.

परदेशातून आलेली आणि ट्रान्झिस्टरची यंत्रे

आपली मुले आता परदेशी असतात आणि तिकडून जुनी अमेरिकन यंत्रे आणतात. ती ११७ ते १२० व्होल्टवर आणि ६० हर्ट्झवर चालण्यासाठी बनवलेली असतात. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ती सरळ लावल्यास क्षणात जळतील. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. त्याने दाब उतरतो, पण हर्ट्झ ५० च राहतात. त्यामुळे ६० हर्ट्झपुरता बेताचा बनवलेला मेन्स ट्रान्सफॉर्मर आपल्याकडे अधिक तापतो. हवा खेळती ठेवावी आणि अर्ध्या तासाने हात जवळ नेऊन पाहावे.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतील किट बहुतेक ट्रान्झिस्टरची. मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर धातूच्या टोपीसारखे दोन किंवा चार '२एन३०५५' दिसले की ते त्या घराण्यातले. दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच जातीचे वापरण्याची ही रचना एच. सी. लिन यांनी १९५६ साली मांडली. ट्रान्झिस्टरवरील चार अंक वर्ष आणि आठवडा सांगतात : ७४३२ म्हणजे १९७४ सालचा बत्तिसावा आठवडा. बाजारात या क्रमांकाचे बनावट ट्रान्झिस्टर पुष्कळ आहेत, म्हणून मूळचा चांगला असेल तर बदलू नये. बदलताना खालचा अभ्रकाचा तुकडा आणि उष्णता वाहणारी पेस्ट विसरू नये.

येथे स्पीकरला धोका असतो. स्पीकरच्या वाटेवर मोठा कंडेन्सर नसेल, तर स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवर एकदिश दाब मोजावा. तो ५०-१०० मिलिव्होल्टच्या आत असावा. कित्येक व्होल्ट आढळले तर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे आणि स्पीकर जोडताच त्याचे वेटोळे जळेल.

समारोप

आमची पेटी आता चालू आहे. तळाच्या पत्र्याआड पेन्सिलीची ती ओळ तशीच ठेवली आहे. गेल्या पौर्णिमेला सकाळच्या वंदनेला ती लावली. दहा वॅट ऐकून तरुण मुले हसली होती. मोठ्या डीजेच्या काळात दहा वॅट म्हणजे काय, असे त्यांना वाटले. परंतु जुना भोंगा दहा वॅटवर अख्ख्या चाळीला पुरतो, आणि खोलीतल्या खोलीत तर आवाज निम्म्यावरही न्यावा लागला नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावावयाचा नसतो आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. स्वच्छ आणि मोजका आवाज सर्वांच्याच हिताचा. वंदना समजावी एवढा आवाज पुरे. शेजारच्या आजाऱ्याला त्रास होईल एवढा नको.

या कामाचा आणखी एक लाभ झाला. आयटीआयला जाणारी वस्तीतील तीन मुले आणि एक मुलगी दर रविवारी येऊन बसत. रंगपट्ट्या वाचणे, सोल्डरचा चकचकीत डाग कसा पाडावा, मीटर कसा धरावा हे ती शिकली. आता लोक आपले बिघडलेले मिक्सर आणि इस्त्री त्यांच्याकडे आणतात. १९६८ साली वर्गणी काढून एका तरुणाने वस्तीला स्वतःचा आवाज दिला. बाहेरचा कोणी देईल याची वाट पाहिली नाही. ती पेटी भंगारात गेली असती तर चार पैसे आले असते, पण ही गोष्ट मुलांना सांगण्यासाठी हातात काही उरले नसते.

म्हणून आमची विनंती एवढीच. आपल्या माळ्यावर अशी पेटी असेल तर ती विकण्याआधी उलटी करून पाहा. कोणी जोडली, केव्हा जोडली, कशासाठी जोडली हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून ठेवा. सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. आणि कितीही उत्साह वाटला तरी सिरीज बल्बशिवाय प्लग लावू नका.

जय भीम.